नदीचा गाळ आणि नदींतले मासे



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, ताम्रपट आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. जुन्नरच्या परिसरांत त्यांची वाण नाहीं; नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख तर सर्वश्रुत आहे. परंतु ह्याच मुलखांतील नद्यांनींही आपला एक लेख लिहून ठेविला आहे. तो गाळाच्या थरांत आहे.

कुकडेश्वरापाशीं उगम पावणारी कुकडी पुढें बोरी गांवावरून वाहते. तेथील कांठच्या थरांत १९८० नंतरच्या दशकांत संशोधकांना ज्वालामुखीची राख आढळली व तिच्या सान्निध्यांत अश्मयुगीन मानवाचीं दगडी हत्यारेंही मिळालीं. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, असें बहुतेक अभ्यासक मानतात. ती सुमारें ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, कीं त्याहून पुष्कळ प्राचीन, ह्याविषयीं मात्र मोठा वाद झाला. सांगावयाचें इतकेंच कीं, खोऱ्यांत जें घडतें त्याची नोंद नदी गाळांत करून ठेविते.

आतां दुसरी नोंद पाहूं. एल्फिन्स्टनच्या अमदानींत मुंबई सरकारनें कर्नल विल्यम साइक्स ह्यास दख्खनची सांख्यिक माहिती जमविण्याच्या कामीं नेमिलें होतें. त्यानें येथील माशांचेंही वर्णन केलें व १८३८ सालीं तें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें मांडलें. त्यांतील अनेक लॅटिन नांवांत आपल्या लोकांच्या तोंडचे शब्दच इंग्रजी कानांनीं टिपलेले आहेत : खुद्री, कोलस, नुक्ता, शिंगाळा. आंबेगांव तालुक्यांत आहुप्याकडे उगम पावणाऱ्या घोड नदींतून, शिरूरजवळ, त्याला ‘मसुल्ला’ मिळाला. हा मासा नेमका कोणता, ह्याचा वाद दीर्घकाळ चालला. २०१३ मध्यें अभ्यासकांनीं तो महसीर नसून हिप्सेलोबार्बस ह्या वंशांतला ठरविला. नुक्ता हा कृष्णेच्या खोऱ्याखेरीज सहसा न आढळणारा मासा आज आंतरराष्ट्रीय यादींत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

ह्या माशांचें जीवन नदीच्या तळाशीं बांधलेलें आहे. महसीर पावसाळ्यांत वाहत्या, निर्मळ पाण्यांत, खडेगोट्यांच्या तळावर अंडीं घालतो. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलें तर अंड्यांना प्राणवायु मिळतो. फटी बारीक चिखलानें बुजल्या तर अंडीं गुदमरतात. नुक्ताही दगडांवरील शेवाळ खरवडून खाणारा आहे. म्हणजे गाळ हा सर्वस्वीं शत्रु नव्हे. भरड गाळानें माशांचें घर बांधलें जातें आणि बारीक गाळाच्या अतिरेकानें तें मोडतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुकडी प्रकल्पानें येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं पांच धरणें उभारिलीं. त्यांच्या पाण्यावर ऊस आणि द्राक्षें पिकलीं. हें उपकार कोणी नाकारूं नये. परंतु धरणांत भरड वाळू आणि गोटे अडून राहतात, खालच्या पात्राला त्यांची भर मिळेनाशी होते, आणि चिखल धुऊन नेणारा पूरही मंदावतो. शिवाय पात्रांतली वाळू उपसली जाते. लहान क्षेत्राच्या उपशालाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक आहे, असें सर्वोच्च न्यायालयाला २०१२ मध्यें सांगावें लागलें. डोंगरउतारांची माती किती सैल झाली आहे, हें ३० जुलै २०१४ रोजीं माळीणच्या दुर्दैवी गांवानें सुमारें दीडशे जीव गमावून दाखविलें. उतार जें सोडतात, तें अखेर नदीच्या पदरांत येतें.

गाळाचें मोजमाप आपल्याकडे होत नाहीं असें नव्हे. नाशिकची १९५९ मध्यें स्थापन झालेली अभियांत्रिकी संशोधन संस्था जलाशयांतील गाळ मोजते. पण त्या मापनाचा मुख्य प्रश्न असतो : धरणांत आणखी किती वर्षें पाणी मावेल? माशांच्या दृष्टीनें प्रश्न निराळे आहेत. कण केवढे आहेत? ते कोणत्या महिन्यांत येतात? कोणत्या गोटाळ जागेवर बसतात?

ह्यांचीं उत्तरें शोधण्यास फार मोठी सामग्री लागत नाहीं. पाण्याचे नमुने गाळून वाळलेला गाळ तोलावा. तळावरील गोटे मापावे. १८६५ मध्यें सेक्की ह्या इटालियन धर्मगुरूनें वापरली तशी पांढरी तबकडी डोहांत सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें लिहावें. मात्र हें दरवर्षीं, त्याच जागीं झालें पाहिजे. जुन्नर, घोडेगांव, मंचर येथील विद्यार्थ्यांना तें सहज साधण्याजोगें आहे.

१९७० नंतर लोणावळ्याच्या वळवण तलावावर महसीरचीं पिलें कृत्रिम रीतीनें वाढविण्यांत यश आलें, हें अभिमानास्पदच होय. परंतु पिलें सोडावयाचीं कोठें, हें ठरविण्यास नदीच्या तळाची वही हवी. साइक्सनें माशांचीं नांवें लिहून ठेविलीं. त्यांच्या घराचा हिशेब आपणांस लिहावयाचा आहे. तो न लिहिल्यास हीं मराठी नांवें केवळ लॅटिन ग्रंथांतच उरतील.