ओढणाऱ्या जहाजांची बखर

पेडगावाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही चिखलात रुतलेल्या गाडीस शेजाऱ्याची बैलजोडी आणून जुंपणे म्हणजे काय, हे परभणीच्या या मुलखात कोणास सांगावे लागत नाही. नौदलात हेच काम करणाऱ्या नौकांस टगबोट म्हणतात. बंदरातील टगबोट लहान असते. भर समुद्रातून बंद पडलेले जहाज आणावयाचे तर महासागरी टगबोटच लागते. तिच्याविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत.

आपल्या नौदलाने अशा दोन नौकांस नावे दिली ती ‘गज’ आणि ‘मातंग’. दोहोंचा अर्थ हत्तीच. दोन्ही कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधल्या गेल्या. ‘मातंग’ १९८३ साली सेवेत आली. २०,००० टनांचे जहाज ताशी ८ सागरी मैल वेगाने ओढावे, अशी तिची योजना होती.

ओढणे हे केवळ बळाचे काम नव्हे. पोलादी दोर लांब सोडून त्यास पाण्यात झोल द्यावा लागतो. लाटेने हिसका बसला की तो झोल ताणला जातो आणि हिसका जिरतो. दोर आखूड व ताठ असेल तर तुटतो. तुटलेला दोर उलटून खलाशाचा प्राणही घेतो.

‘विराट’ या विमानवाहू नौकेचे उदाहरण घ्या. २०१६ साली कोचीस तिची यंत्रे व पंखे काढले गेले. २३ ऑक्टोबरला ती तेथून निघाली आणि २८ ऑक्टोबरला मुंबईस पोहोचली, ती ओढली जाऊनच. २०२० साली मुंबईहून अलंगच्या भंगारगोदीकडे गेली, तीही तशीच. आपण मात्र ‘विराट आणली गेली’ एवढेच म्हणतो. कोणी आणली, हे त्या वाक्यात उरत नाही.

हे विस्मरण क्षुल्लक नव्हे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात तेलक्षेत्राच्या कामावरील ‘वरप्रदा’ ही टगबोट मुंबईनजीकच्या समुद्रात बुडाली. ती नौदलाची नव्हती. पण धंदा तोच. तिच्यावरील १३ जणांपैकी ११ दगावले; दोघांस नौदलाने वाचविले.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, युद्धनौकांचा इतिहास लिहिताना दोराच्या दुसऱ्या टोकाची नौका आणि तिच्यावरील माणसे यांचीही नोंद व्हावी.