शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड रायफलीचे परीक्षण

शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड (संक्षेप: एसएमएलई) ही ०.३०३ इंच व्यासाची, बोल्ट पद्धतीची ब्रिटिश लष्करी रायफल आहे. तिचा तिसरा प्रकार (मार्क ३) १९०७ साली स्वीकारण्यात आला. भारतात ही रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलीस दलांनी ती दीर्घकाळ वापरली. अशा जुन्या रायफलीचे मूळ भाग कोणते, बदललेले कोणते आणि तिची सद्यस्थिती काय, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस परीक्षण म्हणतात. संग्रहालये व अभ्यासक यांच्या दृष्टीने रायफलीचे ऐतिहासिक मूल्य या निष्कर्षावर अवलंबून असते.

छाप व अनुक्रमांक

दस्ता जेथे धातूच्या भागाला जोडला जातो, त्या पट्टीवर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, निर्माता, वर्ष व प्रकार कोरलेले असतात. एनफील्ड, बीएसए, एलएसए, ऑस्ट्रेलियातील लिथगो व ईशापूर हे प्रमुख निर्माते होत. स्वातंत्र्यपूर्व ईशापूर रायफलींवर 'जीआरआय' ही अक्षरे, तर नंतरच्या रायफलींवर 'आरएफआय' ही अक्षरे आढळतात.

मुख्य सांगाडा, नळी, बोल्टची मूठ, मागील लक्ष्यदर्शकाची पट्टी व संगीन अडकविण्याची टोपी यांवरील अनुक्रमांक जुळणे हे अस्सलतेचे महत्त्वाचे गमक आहे. त्यांपैकी बोल्टच्या क्रमांकाला विशेष महत्त्व आहे, कारण प्रत्येक बोल्ट त्या-त्या सांगाड्यात घासून बसविलेला असे.

दुरुस्ती आणि बनावट

क्रमांक न जुळणे म्हणजे बनावट असे नव्हे. लष्करी कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलीवर 'एफटीआर' हा छाप असतो. जुना क्रमांक खोडून नवा कोरल्याचेही दिसते. असे बदल रायफलीच्या सेवाकाळाचा पुरावा ठरतात. याउलट, अलीकडे भाग बदलून किंवा क्रमांक नव्याने कोरून रायफल एकसंध भासविणे ही फसवणूक होय.

१९१६ मधील मार्क ३* या प्रकारात उत्पादन सुलभ व्हावे म्हणून मॅगझिन बंद करणारी पट्टी व लांब पल्ल्याचे लक्ष्यदर्शक वगळण्यात आले. त्यामुळे या प्रकारात ते नसणे हा दोष नाही.

खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, हाताने बनविलेल्या प्रती प्रसिद्ध आहेत. उलटी अक्षरे, चुकीचे शब्दलेखन व विसंगत तारखा यांवरून त्या ओळखता येतात. राणी व्हिक्टोरियाचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. त्यामुळे तिची आद्याक्षरे आणि त्यानंतरचे उत्पादनवर्ष एकत्र आढळल्यास संशय घ्यावा.

भारतीय रूपांतरे

काही ईशापूर रायफलींच्या पुढील लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली असते. या रायफली बॉम्ब (ग्रेनेड) फेकण्यासाठी वापरल्या जात. पोलिसांसाठी काही रायफलींची नळी गुळगुळीत करून ०.४१० व्यासाच्या एकनळी मस्केट बनविण्यात आल्या. १९६० च्या दशकातील ईशापूर २ए व २ए१ या ७.६२ मिमी रायफली मात्र नव्याने बनविलेल्या होत्या. त्यांना जुन्या रायफलींचे रूपांतर मानणे चुकीचे आहे.

स्थिती

एनफील्ड पद्धतीच्या नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा असतात. त्यांच्या कडा तीक्ष्ण असणे हे चांगल्या नळीचे लक्षण आहे. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतून उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो व नळीत गंजाचे खड्डे पाडतो, तर कॉर्डाइटच्या उष्णतेने काडतूस-कक्षापुढील भाग झिजतो. बोल्टचे अंतर मापकाने तपासतात. लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच अशी आहे. लाकडावरील भेगा, विशेषतः लाकूड सांगाड्याला टेकते त्या ठिकाणच्या, पाहाव्यात. 'डीपी' हा छाप केवळ कवायतीसाठी ठेवलेल्या रायफलीचा असून ती झाडण्यास अयोग्य मानावी.

जतन

जुना थर घासून चकाकी आणल्यास किंवा लाकूड तासल्यास छाप पुसट होतात व पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून सक्रिय गंज थांबवून सौम्य तेलाने संरक्षण करणे श्रेयस्कर ठरते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू असल्याने चालू स्थितीतील रायफल परवान्याविना बाळगता येत नाही. केवळ वय जास्त असल्याने तिला सूट मिळत नाही.