बहुस्तरीय परिवर्तकांमधील विद्युतदाब संतुलन

बहुस्तरीय परिवर्तकांमधील विद्युतदाब संतुलन म्हणजे अशा परिवर्तकातील अनेक धारित्रांवरील (कपॅसिटरांवरील) विद्युतदाब ठरवून दिलेल्या मूल्याजवळ राखण्याची प्रक्रिया होय. बहुस्तरीय परिवर्तक एकदिश विद्युतदाबाचे लहान लहान टप्पे करतो आणि ते पायऱ्यांप्रमाणे रचून जवळजवळ ज्यावक्रीय आकाराचा प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण करतो. प्रत्येक पायरीची उंची धारित्रावरील दाबाइतकी असते. त्यामुळे धारित्रे असमान झाली की पायऱ्याही असमान होतात.

असंतुलनाची कारणे व परिणाम

धारित्रावरील दाब त्यात शिरणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या विद्युतभाराच्या फरकाने बदलतो. उदाहरणार्थ, १० मिलिफॅरड धारितेच्या धारित्रातून १,००० अँपिअर प्रवाह केवळ १ मिलिसेकंद वाहिला, तरी त्यावरील दाब १०० व्होल्टने बदलतो. दोन धारित्रांच्या धारितेत थोडा फरक असणे, स्विचांच्या वेळा किंचित मागेपुढे होणे, गळती प्रवाह सारखा नसणे अशी किरकोळ कारणेही प्रत्येक आवर्तनात साचत जातात. यातून तरंगाकृती बिघडते. पण खरा धोका वेगळा आहे. एखाद्या धारित्रावरील दाब वाढत गेल्यास त्याच्याशी जोडलेल्या आयजीबीटी स्विचाची सहनमर्यादा ओलांडली जाते आणि तो निकामी होतो. म्हणून संतुलन ही परिवर्तकाच्या सुरक्षिततेची अट आहे.

रचनेनुसार स्वरूप

नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या त्रिस्तरीय परिवर्तकात दोन धारित्रे एकसरीत जोडलेली असतात आणि त्यांच्यामधला बिंदू डायोडांमार्फत प्रत्येक कलेशी (फेजशी) जोडलेला असतो. या मध्यबिंदूतून वाहणारा प्रवाह एका धारित्राला भरतो व दुसऱ्याला रिकामे करतो. काही स्विच-अवस्थांच्या जोड्या भाराला तोच दाब देतात, परंतु मध्यबिंदूतील प्रवाहाची दिशा उलटी करतात. नियंत्रक त्यांपैकी योग्य ती निवडतो. तरीही दाब जास्त आणि शक्तिगुणक कमी असताना मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेची डोलणी मध्यबिंदूवर उरते. पाच वा अधिक स्तरांच्या डायोडयुक्त रचनेत मोठी सक्रिय शक्ती वाहत असताना केवळ अशा निवडीने काम भागत नाही. सहायक परिपथ किंवा पाठीला पाठ लावलेला दुसरा परिवर्तक लागतो. ही रचना मुख्यतः तीन स्तरांवरच थांबली, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तरंगत्या धारित्रांच्या परिवर्तकात स्विचांचे संकेत कलांतरित ठेवल्यास दाब आपोआप संतुलित होऊ लागतो. याला ‘नैसर्गिक संतुलन’ म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण ही क्रिया भारावर अवलंबून असते आणि बहुधा संथ असते.

मॉड्यूलर बहुस्तरीय परिवर्तक

लेस्निकार आणि मारक्वार्ट यांनी २००३ मध्ये सादर केलेल्या या रचनेत प्रत्येक भुजेत अनेक सबमॉड्यूल एकसरीत असतात. प्रत्येकाचे स्वतःचे धारित्र असते आणि ते परिपथात घेता किंवा वगळता येते. एखाद्या क्षणी भुजेतील ४०० पैकी १५० सबमॉड्यूल हवे असतील, तर ‘किती’ हे बाहेरच्या दाबाने ठरते. ‘कोणते’ हे नियंत्रकाच्या हाती राहते. संतुलनाची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत याच मोकळिकीवर उभी आहे. सबमॉड्यूल दाबानुसार क्रमवारीने लावले जातात. भुजेतील प्रवाह धारित्रे भरणारा असेल, तर सर्वांत कमी दाबाचे सबमॉड्यूल निवडतात. प्रवाह ती रिकामी करणारा असेल, तर सर्वांत जास्त दाबाचे.

ही क्रमवारी प्रत्येक क्षणी काटेकोरपणे पाळली, तर स्विच विनाकारण चालू-बंद होत राहतात आणि ऊर्जाव्यय वाढतो. त्यामुळे प्रत्यक्षात दाबातील काही फरक सहन केला जातो आणि तो ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावरच अदलाबदल होते. ही मर्यादा किती ठेवायची, हा धारित्राचा आकार आणि स्विचांमधील ऊर्जाव्यय यांच्यातील सौदा आहे.

क्रमवारीने एकाच भुजेतील धारित्रे समान होतात. भुजांची आपापसातील ऊर्जा मात्र समान होत नाही. त्यासाठी परिवर्तकाच्या आतच फिरणारा प्रवाह नियंत्रित करतात. त्यातील एकदिश घटक वेगवेगळ्या कलांमध्ये ऊर्जा वाटतो, तर मूळ वारंवारतेचा घटक वरच्या व खालच्या भुजेत. याच प्रवाहात दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या जाळ्यात १०० हर्ट्झचा, घटक आपसूक निर्माण होतो. तो व्यय वाढवत असल्याने बहुधा दाबला जातो.

प्रत्यक्ष वापर

सॅन फ्रान्सिस्को येथील ट्रान्स बे केबल या ४०० मेगावॅटच्या प्रकल्पात २०१० पासून हा परिवर्तक वापरात आहे. फ्रान्स व स्पेन यांना जोडणाऱ्या ±३२० किलोव्होल्टच्या वाहिनीत प्रत्येक भुजेत सुमारे ४०० सबमॉड्यूल आहेत; ६४० किलोव्होल्ट त्यांच्यात वाटले असता प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १,६०० व्होल्ट येतात. भारतात तमिळनाडूतील पुगलूर आणि केरळमधील त्रिशूर यांच्यातील ±३२० किलोव्होल्ट, २,००० मेगावॅटची वाहिनी याच प्रकारची आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर–पडघे ही ±५०० किलोव्होल्टची वाहिनी मात्र थायरिस्टरवर चालते. तिच्या परिवर्तकांत अशी ऊर्जा साठवणारी धारित्रे नसल्याने तेथे हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही.