पांदणीवरचे इंजिन: नेर परिसरातील कार्ब्युरेटर आणि डिझेल पंप

यवतमाळ–अमरावती मार्गावरील नेर, अर्थात नेर परसोपंत, हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव रेल्वेपासून दूर राहिले. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंदमापी गाडी त्याला लागत नव्हती, त्यामुळे येथील कापूस, प्रवासी आणि सरकारी कारभार ही सारी ये-जा आधी बैलगाडीवर आणि पुढे मोटारीवर अवलंबून राहिली. मुख्य रस्ता सुटला की पांदणी, म्हणजे शेतांच्या धुऱ्यांमधून जाणाऱ्या गाडवाटा, सुरू होतात. पावसाळ्यात त्यांवरची भारी काळी माती चाकांना लगडून बसते, आणि उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन इंजिनात शिरू पाहते, तर पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. अशा मुलखातील वाहनाला इंधन कार्ब्युरेटरने पुरवावे की इंजेक्शनने, हा वाद सहसा पेट्रोल गाड्यांपुरता मांडला जातो. विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र त्याचा निकाल पेट्रोलने नव्हे, डिझेलने लावला, आणि तोही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येण्याच्या कितीतरी आधी.

या भागात आडवाटेच्या मोटारीचा इतिहास जीपपासून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने बनवलेल्या या गाडीची जुळणी महिंद्र कंपनीने १९४९ पासून मुंबईत माझगाव येथे केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडी खेड्यांच्या परिचयाची केली, आणि याच जिल्ह्यातील पुसदच्या वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर ती आणखी पक्की झाली. या जीपचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे आणि कार्ब्युरेटरचे होते.

कार्ब्युरेटर हे तत्त्वतः फार साधे यंत्र आहे. इंजिन आत ओढत असलेली हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढून दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या लहान टाकीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते; टाकीतील पातळी तरंगणारा फ्लोट राखतो. त्याचा गुण आणि दोष दोन्ही या साधेपणातच आहेत. जेटमध्ये कचरा अडकला तर चालक तो झाडाखाली उभे राहून उघडू शकतो, फुंकून साफ करू शकतो आणि पुढे निघू शकतो. त्यासाठी ना वीज लागते ना परीक्षणयंत्र. परंतु गाडी नाल्याच्या उभ्या काठावर तिरपी झाली की फ्लोटच्या टाकीतील पेट्रोलही तिरपे होते, आणि इंजिनाला एक तर इंधन कमी पडते किंवा ते नको तितके मिळून इंजिन गुदमरते. डोंगराळ प्रदेशात उंचीबरोबर हवा विरळ होऊन मिश्रण बिघडते, हा कार्ब्युरेटरवरील नेहमीचा आक्षेप नेरच्या सपाटीला फारसा लागू नाही. येथे खरा शत्रू उष्मा होता: तापलेल्या इंजिनालगतच्या नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ती ओढता येत नसे, म्हणून पंपावर ओले फडके टाकून थांबणे हा जुन्या चालकांचा प्रचलित उपाय होता.

याच काळात शेतीत इंजेक्शनचे तंत्र आधीच पोचलेले होते, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नव्हते. १९४६ साली पुण्याजवळ स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर बसली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तर दाबाने तापलेल्या हवेत पंप ठरावीक मात्रेचे इंधन नोझलमधून जोराने फवारतो आणि ते आपोआप पेटते. हे पंप व नोझल देशातच बनवण्यासाठी १९५१ साली बंगळूरला ‘मायको’ ही कंपनी निघाली आणि पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल आणि डिझेल यांच्या किमतींतील अंतर वाढले, तेव्हा जीपलाही डिझेल इंजिन देणे अपरिहार्य ठरले. जीपला मिळालेल्या डिझेल इंजिनांपैकी एक प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे, २,११२ घनसेंटीमीटरचे होते. दुसरे २,५२३ घनसेंटीमीटरचे होते, आणि ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बनणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे वंशज होते. आडवाटेच्या दृष्टीने हेच अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल. जीप आणि ट्रॅक्टर एकाच घराण्यातले झाल्यावर तालुक्याच्या गावातील एकाच मिस्त्रीला दोन्ही उघडता येऊ लागले. फ्लोटची टाकी नसल्याने डिझेल इंजिनाचा पंप तिरपेपणाला भीत नव्हता, ठिणगीच नसल्याने भिजलेल्या तारांची भीती नव्हती, आणि एकदा सुरू झालेले इंजिन बॅटरीवाचूनही चालत राही. टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत इंजिनाने ‘एअर घेतली’, तर हातपंपाने ती बाहेर काढावी लागे. शहरात जाऊन पंपाचे कॅलिब्रेशन करून घेण्याची वेळ त्या मानाने क्वचितच येई.

विदर्भाच्या रस्त्यांवर ‘काळी-पिवळी’ म्हणून धावणाऱ्या प्रवासी जीप आणि ट्रॅक्स गाड्या याच पंपाच्या बळावर टिकल्या, जरी त्यांतील बहुतेकांची ओढ मागच्या दोनच चाकांना होती. 

पेट्रोलची बाजू पुढे मारुतीच्या जिप्सीने लढवली. १९८५ अखेरीस ९७० घनसेंटीमीटरच्या इंजिनासह आलेली ही हलकी गाडी १९९६ मध्ये १,२९८ घनसेंटीमीटरची झाली तरी कार्ब्युरेटर कायम राहिला. तो गेला २००० साली, जेव्हा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फवारा देणारी, संवेदक आणि संगणकाने चालणारी यंत्रणा तिला मिळाली. या बदलामागे चिखल, नाले किंवा उष्मा यांचा विचार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्ली परिसरासाठी घालून दिलेले धूरविषयक नियम आणि त्यामागोमाग आलेले भारत स्टेज निकष कार्ब्युरेटरला पेलणारे नव्हते. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला हवा आणि पेट्रोल यांचे सुमारे १४.७ ला १ हे वजनी प्रमाण सतत अचूक लागते. आडवाटेला मिळालेला लाभ हा शहराच्या हवेसाठी केलेल्या कायद्याचा जोडलाभ होता, आणि त्याची किंमतही आडवाटेनेच मोजली, कारण बंद पडलेला संवेदक फुंकून सुरू होत नाही. तरीही याच जिल्ह्यात पांढरकवड्याकडील टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांना नेण्यासाठी उघडी जिप्सी पसंत केली जाते, आणि तेथे तिच्या पेट्रोल इंजिनाचा शांतपणा दुरुस्तीच्या सोयीपेक्षा मोलाचा ठरतो.

डिझेलवरही हीच पाळी आली. सर्व नोझलांना एकाच सामाईक नळीतून अतिउच्च दाबाचे इंधन देणारी आणि फवाऱ्याची वेळ संगणकाकडे सोपवणारी ‘कॉमन रेल’ पद्धत महिंद्रच्या २०१० च्या ‘थार’ गाडीमध्ये होती, पण सोबत जुन्या धाटणीचे इंजिन असलेली आवृत्तीही मिळे; २०२० मध्ये भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या थारला तो पर्याय उरला नाही. ट्रॅक्टरसाठीचे निकष मात्र वेगळे असून, १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांनाच लागू झाले. कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान असतात, आणि नळीतली एअर हाताने काढणाऱ्या मिस्त्रीचा धंदा सध्या त्यांच्यावर चालतो.