सात दिवसांत सात किलो

आयटीत असाल तर 'जीएम डाएट' हा प्रकार तुम्हाला सांगायला नको. आमच्या टीममधल्या सीनियर लोकांना तो ईमेलमधून आला होता, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरून आला. मजकूर तोच. पहिल्या दिवशी केळी सोडून फळं, दुसऱ्या दिवशी भाज्या (सुरुवात उकडलेल्या बटाट्याने), तिसऱ्या दिवशी दोन्ही, चौथ्या दिवशी आठ केळी आणि तीन ग्लास दूध. पाचव्या-सहाव्या दिवशी बीफ, सातव्या दिवशी ब्राऊन राईस. शिवाय कोबीचं ते 'वंडर सूप', हवं तितकं प्या. आठवड्यात 10 ते 17 पौंड कमी, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 5 ते 8 किलो.

या फॉरवर्डचा स्वतःचा एक इतिहासही आहे, आणि तो त्याच फॉरवर्डमध्ये लिहिलेला असतो. जनरल मोटर्स कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हा प्लॅन बनवला, अमेरिकेच्या शेती खात्याने आणि औषध प्रशासनाने त्याला पैसे दिले, जॉन्स हॉपकिन्समध्ये तो तपासला गेला आणि 15 ऑगस्ट 1985 रोजी कंपनीच्या संचालक मंडळाने त्याला मंजुरी दिली. (15 ऑगस्टच बरा सापडला!) यातल्या एकाही गोष्टीचा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. कोबीच्या सूपचं डाएट ऐंशीच्या दशकात अमेरिकेत फॅक्सवरून फिरायचं. कधी ते 'सेक्रेड हार्ट' हॉस्पिटलच्या नावावर, तर कधी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या. असोसिएशनने आमचा याच्याशी काही संबंध नाही असं सांगूनही टाकलं. जीएम हे त्याच घराण्यातलं पोर. मोठ्या संस्थेचं नाव चिकटवलं की उरलेलं कुणी तपासत नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नीट ठाऊक होतं.

आपल्याकडे येताना त्यात बदल झाले. बीफच्या जागी पनीर आलं, कुणी मोड आलेली कडधान्यं घातली, कुणी चिकन. मी देवनारला राहतो. इथला महापालिकेचा कत्तलखाना 1971 सालचा, आणि 2015 च्या कायद्यानंतर बैलाचं मांसही बंद झाल्यामुळे इथे मिळतं ते म्हशीचं. म्हणजे जीएमचा पाचवा दिवस मूळ रेसिपीप्रमाणे करायचा तर कत्तलखान्याच्या शेजारी राहूनही जमणार नाही. पण आश्वासन मात्र तेच राहिलं. साहित्य बदललं तरी 'आठ किलो' कुणी बदलले नाहीत. टेस्टिंगवाल्या कुणालाही इथेच शंका यायला हवी.

हिशोब अगदी सोपा आहे. एक किलो चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी लागतात. सात दिवसांत सात किलो म्हणजे रोज एक किलो, म्हणजे रोज 7,700 कॅलरींची तूट. दिवसभर खुर्चीत बसणारा आपल्यासारखा माणूस दिवसाला जेमतेम 2,000 च्या आसपास खर्च करतो. म्हणजे सात दिवस पाण्यावर काढले, तरी चरबीच्या हिशोबात दोन किलोसुद्धा भरत नाहीत. मग काट्यावर दिसतात ते चार-पाच किलो कुठले? शरीरात ग्लायकोजेन नावाचा पिठूळ साठा असतो, साधारण अर्धा किलो. त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं तोडलं की तो आधी संपतो आणि पाणी सोडून देतो. मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं. आतडी रिकामी होतात ते वेगळंच. आठव्या दिवशी वरणभात जेवलात की यातलं बहुतेक परत.

खरोखर उपाशी ठेवलं तर माणूस किती वेगाने उतरतो, हेसुद्धा मोजलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे तरुण युद्धात लढायला नकार दिलेले, आणि प्रयोगाला स्वखुशीने आलेले. रोज साधारण 1,570 कॅलरी आणि आठवड्याला 22 मैल चालणं. सरासरी वजन 69 किलोवरून 53 च्या आसपास आलं. शेवटी शेवटी ही पोरं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, स्वप्नातही जेवणच. त्यांचाही वेग काढला तर आठवड्याला पाऊण किलोच्या आतच. प्रयोग संपल्यावर खायला मिळालं तरी भूक भागेना, आणि अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. आणि आपला फॉरवर्ड आठवड्यात आठ किलो देतोय. पी हळद आणि हो गोरी!

हे सगळं मी उकरून काढलं ते माझ्या मामेबहिणीमुळे. लग्न सहा आठवड्यांवर, ब्लाउजचं माप दिलेलं, आणि तिने फोनवर विचारलं, "दादा, जीएम दोनदा केलं तर चालेल ना?" तिचं वजन जास्त नाहीच. हिमोग्लोबिन मात्र नऊच्या घरात, डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या आणि त्या अर्ध्या तशाच डब्यात पडलेल्या. मी तिला हा 7,700 चा हिशोब सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण फोटो तर त्याच आठवड्यात काढणार आहेत ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाणी गेलेलं फोटोत दिसतं, हे खरंच आहे.

आमच्या देवनारमध्येच आयआयपीएस आहे, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, 1956 साली सुरू झालेली. देशभर घरोघरी जाऊन वजन-उंची मोजणारं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था चालवते. 2005-06 मध्ये देशातल्या 12.6 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, 2019-21 मध्ये ते 24 टक्के झालं. म्हणजे वजनाची चिंता खोटी नाही. पण त्याच 2019-21 च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आहेत आणि साधारण पाचातली एक प्रमाणापेक्षा बारीक. दिवसभर केळी आणि दूध खा म्हणणारा फॉरवर्ड यातल्या कुणाकडे जातो, हे पाठवणारा बघत नाही. एका आठवड्याने कुणी मरत नाही, पण दर लग्नाआधी, दर गोवा ट्रिपआधी हेच चाललं तर?

आपल्या मराठी घरांत 2018 च्या आसपास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद पेटला होता, आठवतंय? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवा (मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची). ऋजुता दिवेकर म्हणत थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. आमच्या घरात यावरून आईबाबांचे दोन पक्ष झाले होते. कोण बरोबर, या भानगडीत मी पडत नाही. पण दोघांनीही सात दिवसांची भाषा केली नाही, एवढं मला आवडलं.

आता दुसरी बाजू. पटकन कमी केलं की पटकन वाढतं, असं आपण सगळे म्हणतो. 2014 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 204 जणांवर ते तपासलं. काहींना 12 आठवड्यांत उतरवलं, काहींना 36 आठवड्यांत, सगळं देखरेखीखाली. वेगवानांपैकी 81 टक्क्यांनी ठरलेलं वजन गाठलं, हळू जाणाऱ्यांपैकी 50 टक्क्यांनी. आणि पुढच्या जवळजवळ तीन वर्षांत? दोन्ही गटांनी घटलेल्यातलं साधारण 71 टक्के परत मिळवलं. सारखंच! म्हणजे भांडण वेगाशी नाहीच. आणि हो, वेगवान म्हणजे तिथेही तीन महिने होते.

डाएटच्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणावा असा विल्यम बँटिंग लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करायचा. 1862 मध्ये त्याचं वजन 202 पौंड होतं. डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याने ब्रेड, साखर, बटाटा, बिअर सोडली आणि वर्षभरात 46 पौंड उतरवले, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोहूनही कमी. 1863 मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापून फुकट वाटली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला अजून 'बँटा' म्हणतात. त्याने ते खाणं पुढेही धरून ठेवलं आणि 1878 साली 81 व्या वर्षी गेला.

जीएमच्या फॉरवर्डमध्ये आठव्या दिवसाचा रकाना नाही. खाली एक ओळ असते, की हा प्लॅन हवा तितक्या वेळा करा, काही अपाय नाही.