नाताळचं इंद्याल आणि स्पॅनिश रेड वाइन: रिओहा घ्यावी की गार्नाचा?

वसईतल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळला शिजणाऱ्या पोर्क इंद्यालच्या नावातच वाइन आहे. व्हिंदालू काय किंवा इंद्याल काय, दोन्ही नावांचं मूळ पोर्तुगीज 'विन्या द आल्योश', म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. इथे आल्यावर पातेल्यातल्या वाइनची जागा व्हिनेगरने घेतली. मग आज सोबत ग्लासात स्पॅनिश रेड ओतायची असेल तर कोणती?

रिओहा हे उत्तर स्पेनमधल्या प्रदेशाचं नाव. तिथलं मुख्य द्राक्ष टेम्प्रानिओ, म्हणजे 'लवकर पिकणारं'. लेबलवर 'क्रिआन्सा' असेल तर ती रेड वाइन किमान दोन वर्षं मुरलेली असते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. 'रेसेर्वा'ला तीन वर्षं लागतात, 'ग्रान रेसेर्वा'ला पाच. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात. त्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास येतो.

गार्नाचा हे द्राक्षाचं नाव. फ्रान्समध्ये त्यालाच ग्रेनाश म्हणतात. शेजारच्या आरागॉनमध्ये ते भरपूर पिकतं. साल पातळ, त्यामुळे टॅनिन कमी. (चहा फार उकळला की जीभ आखडते, तेच टॅनिन.) चव पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखी. पण अल्कोहोल बऱ्याचदा १४ ते १५ टक्के.

इंद्यालमध्ये तिखट आणि आंबट दोन्ही जोरात असतं. तिखटासोबत टॅनिन जास्त बोचतं आणि ओकचा वास मसाल्याखाली दबून जातो. त्यामुळे महागडी रेसेर्वा इथे उघडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. इथे गार्नाचाच बरी, पण पिंपात न मुरवलेली, ताजी. अल्कोहोलही तिखटाची जळजळ वाढवतं, म्हणून बाटलीवरचा आकडा बघून १४ च्या आतली निवडावी आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच ओतावी. सोरपोतेललाही हेच लागू.

क्रिआन्सा राखून ठेवावी ती मटण रोस्टसाठी किंवा भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातल्या कमी तिखट सुक्या मटणासाठी. ओकचा खोबरेल वास आणि वाटण एकमेकांना धरून राहतात. मांसातल्या चरबी-प्रथिनांमुळे टॅनिनही मवाळ लागतं.

तळलेले बोंबील किंवा सुरमई असेल तर मात्र दोन्ही बाटल्या बंदच बऱ्या. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र, धातूसारखी चव राहते. त्यापेक्षा थंड व्हाइट वाइन घ्यावी.

उरलेली रेड बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षं आहे.