पद्मिनीची टाकी

परवा काकूंचा फोन आला, "अण्णांची गाडी विकलीत का रे?" नाही विकली. बाकीचेही विचारतील, म्हणून इथेच लिहितोय.

अण्णा गेल्यापासून पद्मिनी मंडणगडच्या घरी मांडवात उभी होती. टाकी अर्धी, आणि मध्ये कोकणातले दोन पावसाळे! गणपतीत सुरू केली, तर बाजारापर्यंत जाऊन गचके खात बंद. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, तर आत तांबडा गाळ.

गंमत बघा. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. आता उसापासूनचं इथेनॉल पेट्रोलमधून तिच्याच पोटात जातंय! २००३ मध्ये महाराष्ट्रात ५ टक्के मिसळायला लागले, २०२५ मध्ये देशभरात प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात, तळाशी बसतात आणि पत्रा गंजतो. वर जुना चिकटा सुटून पुढे जातो तो वेगळाच. वालचंदशेठ १९५३ मध्येच गेले, त्यांना कोण जाब विचारणार!

दादा म्हणाला, "भंगारात घाल." निदान टाकी तरी बदलू, असं मलाही वाटत होतं. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात थांबली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग सहज मिळायचे. आता जी टाकी मिळाली ती आमच्याहून गंजलेली.

मग आमचीच उतरवली. शिळ्या पेट्रोलचा वास रंगाच्या दुकानासारखा. उपडी केल्यावर तळाला ओबडधोबड डाख दिसला आणि दादा गप्प झाला. आम्ही लहान असताना महाडच्या पुढे दगड लागून टाकी गळायला लागली होती. अण्णांनी आईच्या पिशवीतला अंगाचा साबण ओला करून भोकावर घासला आणि गाडी घरापर्यंत आणली. डाख नंतर दिला. तो अजून शाबूत होता. भोकं पडली होती ती दुसरीकडेच.

टाकीत पाणी, गंज काढायचं औषध आणि मूठभर नट घालून आम्ही दोघांनी ती आळीपाळीने हलवली. तासभर! पहिलं पाणी चहासारखं निघालं, पाचवं बरं. नवी भोकं बुजवायच्या आधी मेकॅनिकने टाकी पाण्याने काठोकाठ भरली, कारण रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. मग उन्हात वाळवली आणि लगेच पेट्रोल फिरवलं, नाहीतर कोरा पत्रा पुन्हा तांबडा होतो. फिल्टर नवा टाकला. (पावसाळ्याआधी टाकी रिकामी करायची, हे मीच कॅलेंडरवर लिहिलंय.)

रविवारी म्हाप्रळपर्यंत जाऊन आलो. एकदाही बंद पडली नाही. परत निघताना दादाने काही न बोलता किल्लीसाठी हात पुढे केला.